विहिणीला चिडवायचं गाणं

बघायला आलेल्या मुलीला गाणं म्हणायला लावायची रीत ज्यानं काढली, त्याला एकदा पाटावर बसवून गायला लावलं पाहिजे. माझ्यावर ही पाळी तिसऱ्यांदा आली होती. आधीच्या दोन नकारांचं मला काही वाटलं नव्हतं, पण हे स्थळ मला हवं होतं. मुलानं निरोप धाडला होता, की मुलीनं लग्नानंतर बी.ए. पुरं केलं तरी चालेल. तेव्हा असं म्हणणारा दुसरा मिळणं कठीण होतं.

मुलाची आई सिल्लोडची, देवाधर्माची, असं कळल्यावर आईनं माझ्याकडून महिनाभर एक अभंग घोटून घेतला. त्या दिवशी त्या बाई समोर बसल्या, हातात चहाची बशी. मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरी आठवेना. पुन्हा पहिली म्हटली, पुन्हा तिथंच अडले. वडील सतरंजीचा दोरा उपसत बसले.

"लई घाबरलीस व्हय? असू दे," बाई म्हणाल्या. "तुला आवडतं ते म्हण."

मला एकच गाणं आठवलं. शहागंजच्या मागं आमच्या शेजारी मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाईंना आम्ही खाला म्हणायचो. त्यांच्याकडं लग्न निघालं की बायका आठ-आठ दिवस ढोलक घेऊन बसायच्या, आणि मी त्यांच्यात बसून ढोलकाच्या लाकडावर चमच्यानं ठेका धरायची. तिथली दखनी उर्दूतली गाणी मला पक्की पाठ होती. मी सुरू केलं, तसा आवाज मोकळा झाला. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं, की हे नवऱ्यामुलाच्या आईला चिडवायचं गाणं आहे. विहीण तोऱ्यात आली, पण पायातल्या चपला शेजारणीच्या, असं मी होणाऱ्या सासूला तोंडावर सांगत होते. थांबावं, तर हेही अर्धवट राहिलं असतं. मी जीव मुठीत धरून शेवटपर्यंत गायले.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी बशी खाली ठेवली.

"कुठं शिकलीस हे?"

"शेजारी. खालांकडं." मनात म्हटलं, गेलं बी.ए. पाण्यात.

"चुकलीस. आमच्याकडच्या खाला चपला नाय म्हणत, नथ म्हणतात. शेजारणीची नथ."

आणि गुडघ्यावर थाप मारत त्यांनी उलटा जबाब म्हटला, मुलीच्या आईला चिडवणारा. माझी आई बिचारी हात जोडून ऐकत राहिली.

मी बी.ए. झाले. पुढं तीस वर्षं पापड लाटताना, गहू निवडताना मी मुद्दाम चपला म्हणायची आणि सासूबाई "चुकलीस" म्हणून नथ म्हणायच्या. त्या गेल्या तेव्हा मी खूप रडले, पण ते गाणं काही आठवलं नाही.

ते आठवलं मुलाच्या लग्नात. आता वरमाई मी होते. पैठणी नेसून, नाकात नथ घालून खुर्चीवर बसले होते. डीजे दणाणत होता. मुलीकडच्या बायका येऊन वाकून नमस्कार करायच्या, काही कमी पडलं नाही ना, विचारायच्या. एकीनंही मला चिडवलं नाही. मला फार एकटं वाटलं.

घरी आल्यावर आरशासमोर नथ काढली आणि ते गाणं मीच म्हटलं. चपला म्हटलं, आणि थांबले. कुणी "चुकलीस" म्हणालं नाही.