शालनच्या नावाच्या बांगड्या

माझा डावा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि वरून वरवंटा घातला. पहिल्या घावात बांगड्या फुटल्या. काच मनगटात शिरली. दुसरा घाव हाडावर बसला.

वरवंटा शालनच्या भावजयीच्या हातात. हात दाबणारा शालनचा भाऊ. आणि शालन मागं खोलीत, जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली. सकाळीच दवाखान्यातून आणली होती.

"नवरा-बायको म्हणून राहत होत्या ना?" भावजय दारातल्या बायकांना म्हणाली. "मग नवरा मेल्यावर करतात ते करायला नको?"

दोघीतिघी हसल्या. घरात प्रेत, आणि हसल्या. एकीनं मोबाईल वर धरला होता.

दुसरा हातही तसाच केला. मग भावजय कुंकू पुसायला आली. माझं कपाळ मोकळं. आम्ही बौद्ध, मी कधी लावलं नाही. माझा बाप गेला तेव्हा आईनं तिच्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. आमच्यात ती रीत मोडून कित्येक वर्षं झाली. भावजय थबकली. मग फळीवरची शालनची डबी काढली, माझ्या कपाळाला कुंकू फासलं, आणि पदरानं पुसलं. पुसता यावं म्हणून आधी लावलं. एवढी अक्कल तिला.

"झाली रांडमुंड," भाऊ म्हणाला. "आता आत बस. बाईमाणूस मसणात येत नसतं."

चौघांनी शालनला उचललं. मला आत ढकललं. बाहेरून कडी घातली.

शालन आणि मी मरोळच्या एका कारखान्यात भेटलो. पेनात रिफिली भरायचं काम. मी चौथी शिकलेली, ती तेवढीही नाही. तिला नवऱ्यानं टाकलं होतं, माझं लग्न मीच होऊ दिलं नव्हतं. आम्ही खोली घेतली आणि म्हाताऱ्या होईतो राहिलो. आमच्यात काय होतं ते मला कुणाला पटवायचं नाही. एका अंथरुणात निजायचो. एकीला ताप आला की दुसरी खाडा करायची. बास.

बोळाला सगळं ठाऊक होतं. नळावर बायका विचारायच्या, "काय गं, आज नवऱ्यानं काय आणलं?" शालन उंच, आवाज जाड, म्हणून नवरा ती. ती हंडा भरता भरता म्हणायची, "नवऱ्यानं बोंबील आणलेत. तुझ्यानं काय आणलं, कालचीच बाटली?" मी मात्र खाली मान घालायची. शालन नंतर मला म्हणायची, "तू मान घालतेस म्हणून त्यांची जीभ चालते."

हा भाऊ नोकरी शोधायला मुंबईत आला तेव्हा आमच्याच खोलीत राहिला. माझ्या हातचं जेवला. ताई म्हणायचा मला. लग्न ठरल्यावर गेला, तो परत फिरकला नाही. बहिणीमुळं सासरी तोंड दाखवता येत नाही म्हणे.

दवाखान्यात शालननं माझं बोट धरून ठेवलं होतं. बोलायला दम पुरत नव्हता. तरी म्हणाली, "भावाला हात लावू देऊ नको. तूच पेटव मला."

मी हो म्हटलं होतं.

आत अंधार नव्हता, सगळं दिसत होतं. बाहेर तिरडी बांधत होते, सुतळी ओढल्याचा आवाज येत होता. मनगटातून रक्त कोपरापर्यंत आलेलं. मी रडले नाही. मला राग आला, आणि तोही आधी माझाच. हात धरला तेव्हा मी ओरडलेसुद्धा नव्हते. मान खाली घातली होती, नळावर घालायची तशीच.

वरवंटा उंबऱ्याच्या आत पडला होता.

उचलला. जिथं बाहेर कडी होती तिथं दाराच्या फळीवर घातला. पुन्हा घातला. एका हातानं जमत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी घातला. कडी खिळ्यांसकट निघाली.

मी बाहेर आले तशी माणसं मागं सरली. हातात वरवंटा, कपाळ लाल. भाऊ पुढं आला आणि त्यानं माझ्या थोबाडीत दिली. ओठ फाटला. मी जागची हलले नाही. या वेळी मान वरच ठेवली.

"मला रांडमुंड कुणी केलं?" मी विचारलं. "तूच ना? सगळ्यांसमोर? मग सांग, मेली ती माझी कोण?"

भावजय म्हणाली, "अहो, ती चेष्टा होती."

"चेष्टेत हाड मोडत नाही," मी म्हटलं.

शेजारची मेरी, जी सकाळपासून दारात गप्प उभी होती, ती चपला घालून बाहेर आली. मला म्हणाली, "चल गं. मी येते तुझ्यासोबत."

स्मशानात तिथल्या माणसानं विचारलं, "अग्नी कोण देणार?"

"मी. भाऊ आहे," भाऊ म्हणाला.

"मी," मी म्हटलं.

त्या माणसानं माझ्या मनगटांकडं बघितलं. "बांगड्या कुणी फोडल्या?"

"ह्यांनीच," मेरी म्हणाली.

"कुणाच्या नावानं?"

मी शालनकडं बोट केलं. त्यानं भावाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. "तुम्हीच फोडल्या ना हो? मग आता भांडता कशाला? उरका, मागं दुसरी तिरडी थांबलीय." आणि पेटतं लाकूड माझ्या हातात दिलं.

भावानं मागून माझे केस धरले. मी वळले आणि लाकूड त्याच्या तोंडासमोर धरलं. मिशी करपल्याचा वास आला. त्यानं केस सोडले. मी शालनला पेटवलं.

त्यात समाधान नव्हतं. ती जळत होती आणि मी बघत होते, एवढंच.

डावं मनगट वाकडं जुळलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी कासाराकडं गेले. तो म्हणाला, "आजी, हात दुखेल." म्हटलं, दुखू दे. दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, हिरव्या काचेनं. तशीच नळावर गेले. पाणी भरणारी एक जण म्हणाली, "अगं, तुला तर रांडमुंड केलं होतं ना?"

"केलं होतं," मी म्हटलं. "शालनच्या नावानं केलं होतं. ते रांडपण मी घेतलं, ते आता कुणाला परत मिळणार नाही. बांगड्या फोडल्या, ते मी घेतलं नाही."

ती हंडा तसाच सोडून गेली.

वरवंटा मी धुऊन दाराशी ठेवलाय. मसाला त्यानं वाटत नाही. दाराला नवीन कडी लावली, ती फक्त आतून. परत कुणी माझा हात धरायला आला, तर घाव माझा असेल, आणि पहिला असेल.

हे ऐकलेलं नाही. मी भोगलं. मरोळच्या कारखान्यात पेनं भरणारी, चौथी शिकलेली बाई. शालनची विधवा.