हेडसेट घ्यायला गेलो तेव्हा

विमान चालवायला शिकणाऱ्या मुलीला विमानाच्याच आवाजाची भीती वाटते, हे सांगायचं तरी कुणाला? नांदेडला फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन मला काही महिने झाले होते आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्कूलचे हेडसेट सगळ्यांच्या वापरातले होते. कानावरच्या गाद्या चिरलेल्या, एका बाजूचा स्पंज बाहेर आलेला. धावपट्टीच्या टोकाशी विमान उभं करून थ्रॉटल पुढे सारला की इंजिनाची घरघर त्या फटींतून आत शिरायची. ती कानात कमी आणि छातीत जास्त ऐकू यायची. माझी बोटं गार पडायची, पाठ असलेल्या सूचना बोलताना जीभ अडायची. शिकवणाऱ्या कॅप्टनना वाटायचं, माझं इंग्रजी कच्चं आहे. "लातूरची ना तू? गणितं पक्की, बोलायची बोंब," असं ते एकदा हसून म्हणाले. मी मान हलवली. इंग्रजी येत नाही ही लाज त्यातल्या त्यात बरी होती.

सुट्टीत लातूरला आले तेव्हा मी बाबांना एवढंच म्हटलं, की कान दुखतात, स्वतःचा हेडसेट हवा. आवाज कापणारा मिळतो, त्यात बॅटरी असते.

"आवाज कापणारा म्हणजे?" बाबांनी विचारलं. आणि मी काही सांगण्याआधीच त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उलटी लाट सोडत असणार! एकीचा उंचवटा, दुसरीचा खळगा. दोन्ही मिळून शून्य!"

बाबा फिजिक्स शिकवायचे. आधी निलंग्याला शाळेत, आणि भूकंपानंतर लातूरला क्लासमध्ये. त्या वर्षांत लातूरला दहावीचा निकाल लागला की एस.टी. भरभरून पोरं उतरायची. पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, सोबत बापाचं पांढरं धोतर. जिथं म्हणून चार भिंती होत्या तिथं क्लास निघाला होता. बाबांच्या क्लासला पोरं टरकून असायची. दाराला लागूनच त्यांचं टेबल होतं आणि ते तिथं उभे राहूनच शिकवायचे. कुणी मधूनच सटकू नये म्हणून सर दारात थांबतात, असं पोरं म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

भूकंपाचं आमच्या घरी कुणी बोलत नसे. बोलण्यासारखं आमचं काही झालंच नव्हतं. निलंग्याच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला, कोनाड्यातला आरसा फुटला. तिकडं औसा-उमरग्याच्या बाजूला गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. मला त्या पहाटेचा फक्त आवाज आठवतो. जमिनीखालून कुणी भरलेली बैलगाडी फरशीवरून ओढत न्यावी तसा. आणि मग एकदम अंगण, आईचा रडका चेहरा. पुढे कित्येक महिने तो आवाज अधूनमधून यायचा. कधी त्याच्यामागून हादरा यायचा, कधी नुसताच आवाज. आम्ही मेणकापडाखाली बाहेर झोपायचो. ज्यांचं सगळं गेलं ती माणसं पुढच्या हंगामाला पेरायला लागली, आणि ज्यांचा आरसा फुटला ती आम्ही ट्रक गेला तरी दचकत होतो. त्यामुळं 'भूकंपातून वाचलो' असं म्हणायचीसुद्धा मला लाज वाटायची.

हेडसेट घ्यायला बाबा माझ्यासोबत हैदराबादला आले. विमानतळाजवळच्या गल्लीत एक लहानसं दुकान होतं, वैमानिकांना लागणाऱ्या वस्तूंचं. आत गालिचा अंथरला होता म्हणून चपला-बूट दाराशी काढायचे. बाबांनी बूट काढले आणि आत पाऊल टाकलं तोच कुणीतरी त्यांच्या पायाशी वाकलं.

"सर, तुमी हितं?"

तो माझ्याच बॅचचा होता. त्याच्या हेडसेटची पिन तुटली होती, ती बदलायला आला होता. त्याआधी दोन वर्षं तो लातूरला बाबांच्या क्लासला होता. भूकंपात त्याचं गाव पूर्ण बसलं होतं, आई आणि लहान बहीण त्यात गेली, आणि मामांनी त्याला वाढवलं, हे मला बाबांनीच सांगितलं होतं. नांदेडला मात्र आमचं फारसं बोलणं नव्हतं. सरांची मुलगी म्हणून तो मला 'तुमी' म्हणायचा आणि लांबच राहायचा.

बाबा त्याला बघून खुलले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून दुकानदाराला म्हणाले, "हा माझा विद्यार्थी. लाटांच्या धड्यात पैकीच्या पैकी." मग त्यांनी दुकानदारालाच लाटा समजावून सांगायला सुरुवात केली. दुकानदार म्हातारा आणि सोशिक होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तीन हेडसेट काउंटरवर मांडले. चष्म्याच्या काड्यांमुळं गादी कानाशी नीट बसत नाही, तेव्हा चष्मा काढून बघा, असं त्यानं सुचवलं. बाबांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"असं कानाला लावून काही कळत नाही," दुकानदार हिंदीत म्हणाला. "विमानाचा आवाज पाहिजे. थांबा, लावतो." आणि त्यानं खालच्या कपाटातलं बटण दाबलं.

काउंटरखाली एवढा मोठा स्पीकर असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. आधी गालिचा थरथरला, मग काच. मला आठवतं ते एवढंच, की माझं मनगट कुणीतरी करकचून धरलं, दार उघडलं, आणि आम्ही दोघं भर रस्त्यात उभे होतो. एका रिक्षावाल्यानं कच्चकन ब्रेक लावला आणि आम्हाला शिवी दिली. बाबा मोज्यांवर होते. मी अनवाणी होते. शेजारच्या पानवाल्यासमोरची माणसं आमच्याकडं बघत होती.

ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं शंभर पोरं गप्प व्हायची, तो माणूस डोळे बारीक करून, मोज्यांवर, रस्त्याच्या मधोमध उभा होता. माझी स्वतःची भीती मला ओळखीची होती. त्यांना असं बघायची मला सवय नव्हती. मी दुसरीकडं मान वळवली.

बाबांनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांची नखं उमटली होती.

"लागलं का तुला?"

"नाही."

आम्ही रस्त्याच्या कडेला झालो. मग ते म्हणाले, "त्यानं बघितलं."

"हो."

"तो हलला का जागचा?"

"नाही बाबा. तिथंच उभा होता."

त्यांनी मान हलवली. मग रस्त्याकडं बघत, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "त्या पहाटे मी एकटाच बाहेर पळालो होतो. तुम्ही दोघी आतच होता. अंगणात आल्यावर ध्यानात आलं. मग परत आलो आत." जरा थांबून म्हणाले, "आज निदान तुझा हात धरला."

 दारातलं ते टेबल पोरांना अडवायला नव्हतं, हे तेव्हा मला कळलं, आणि ते कळल्याची मला लाज वाटली, जणू मी त्यांच्या खोलीत न विचारता शिरले होते.

"घरी जाऊ या," मी म्हटलं. "नको मला हेडसेट."

"चष्मा आत राहिलाय," बाबा म्हणाले. "मला रस्ता दिसत नाही."

म्हणून आम्हाला परत आत जावं लागलं. स्पीकर बंद होता. "क्या हुआ साब, आवाज जास्ती हो गया क्या?" दुकानदार ओशाळून म्हणाला. माझ्या बॅचमेटनं बाबांचा चष्मा हातात घेतला होता, शर्टाच्या टोकानं तो पुसत होता. त्यानं तो दोन्ही हातांनी पुढं केला, मान वर न करता.

"सर, चष्मा."

त्यानंतर त्यानं आपला हेडसेट उचलला, पुन्हा पाया पडला आणि गेला. बाबांनी या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

मला वाटलं, आता निघू. पण बाबा खुर्ची ओढून बसले. "पुन्हा लावा आवाज," ते दुकानदाराला म्हणाले. "पण आधी हिला कानाला घालू द्या."

पहिला हेडसेट साधा होता, बॅटरीशिवायचा. डोक्याला शिकंज्यात धरल्यासारखं व्हायचं. वरच्या पट्टीतला आवाज, वाऱ्याची शीळ, दुकानातली बोलणी सगळी दबली. घरघर मात्र जशीच्या तशी होती. मी मूठ आवळून उभी राहिले. दुसऱ्याला बॅटरी होती. दुकानदारानं माझे कानातले काढायला लावले, अंबाडा खाली घ्यायला सांगितला, माइक ओठांच्या अगदी जवळ आणला आणि बटण सरकवलं. घरघर खाली बसली. पूर्ण गेली नाही, पण कुणीतरी ती दोन गल्ल्या पलीकडं नेऊन ठेवली. मला एकदम माझाच श्वास ऐकू आला, आणि तो किती भराभर चालला आहे तेही.

मग बाबांनी तो घातला. काउंटरवर दोन्ही तळवे टेकून ते डोळे मिटून उभे राहिले. आयुष्यभर फळ्यावर काढलेली ती उलटी लाट त्यांनी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, ते आता काहीतरी मोठं बोलतील.

"पायांना जाणवतोच आहे," ते म्हणाले. "कानांचं भागलं."

पुढचे प्रश्न मास्तरांचे होते. हवेत बॅटरी संपली तर? मग तो साध्यासारखाच चालतो, दुकानदार म्हणाला. मग बटण बंद करून घाल, बाबा मला म्हणाले, आणि तसाच ठेव, यांनी मागवलेला चहा येईपर्यंत. तिसरा हेडसेट आवाज जास्त कापायचा, पण बटण बंद केलं की त्यातलं बोलणं पुटपुटल्यासारखं यायचं, आणि तासाभरानं टाळू दुखेल इतका जड होता. आम्ही दुसरा घेतला. परतीच्या बसमध्ये तो खोका माझ्या मांडीवर होता. लातूर स्टँडवर उतरताना बाबा म्हणाले, "आईला हे सांगू नको."

नांदेडला परतल्यावर माझं उड्डाण सुधारलं. कॅप्टन म्हणाले, "इंग्रजी सुधारलं की तुझं." पण मी त्या मुलाला टाळत होते. तो मेसमध्ये आला की मी ताट घेऊन उठायचे. चार पोरं हसताना दिसली की वाटायचं, आमचंच सांगत असेल. ज्याचं सगळं गेलं तो जागचा हलला नाही, आणि ज्यांचं काही गेलं नाही ते बूट सोडून पळाले. यावर कुणीही हसलं असतं.

एका दुपारी वारा फार होता म्हणून उड्डाणं थांबली होती. मी हँगरच्या मागं लिंबाखाली बसले होते. तो आला आणि थोडं अंतर ठेवून बसला. उठून जायला मला वेळच मिळाला नाही.

"एक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

आता तो विषय निघणार, म्हणून मी आधीच म्हटलं, "तू कुणाला सांगितलंस का?"

"काय?"

"दुकानातलं. बाबांचं."

त्याला ते समजायलाच वेळ लागला. "न्हाई हो. सरांचं मी कशाला सांगू?" मग तो हातातली काडी मोडत राहिला. "मला दुसरंच इचारायचं होतं. तो आवाज तसा होता का? त्या स्पीकरसारखा?"

मी त्याच्याकडं वळले.

"मला जागच न्हाई आली त्या दिवशी," तो म्हणाला. "झोप लई होती. मला ढिगाऱ्यातून काढलं तवा जाग आली, उजेड झाला होता. मी काय ऐकलंच न्हाई. लोक म्हणायचे, आधी लई मोठा आवाज झाला. कसा, ते कुणी धड सांगत न्हाई. दुकानात तुमी दोघं पळाला, तवा मला वाटलं, हाच असंल."

तो का हलला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. तो उभं राहून ऐकत होता.

मी सांगायचा प्रयत्न केला. तसाच, पण इतका मोठा नाही, म्हटलं. खालून येणारा. आधी लांब, मग जवळ. बैलगाडीचं सांगितलं. तो एकेका शब्दाला मान हलवत होता.

"आणि मग हादरायला किती वेळ लागला?"

"थोडाच."

"पण आवाज आधी आला."

"हो. आधी."

त्यानं हातातला काडीचा तुकडा टाकला. मग म्हणाला, "मग आईला ऐकू आला असंल का? ती पहाटंच उठायची."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "कुणाला माहीत असणार." वारा जरा पडला होता. कुणीतरी त्याला हाक मारली, तो उठला आणि पँट झटकून विमानाकडं गेला.

मी तिथंच बसून राहिले. इतके दिवस तो आपल्याबद्दल काय म्हणत असेल, एवढाच विचार मी केला होता. तो माझ्या समोरच्या टेबलावर जेवत होता, आणि त्या आवाजाचं ज्याला विचारावं असं त्याला कुणी नव्हतं. दुकानातल्या पळण्याची लाज मला कधीतरी विसरता येईल असं वाटत होतं. या दुसऱ्या लाजेचं काय करावं ते कळेना.

पुढच्या रविवारी मी त्याला सोबत घेऊन लातूरला गेले. बाबांना फक्त एवढंच सांगितलं, की त्याला तुम्हाला काही विचारायचं आहे. बाबा दारात क्षणभर घुटमळले, मग त्याला बाहेरच्या खोलीत घेऊन बसले. मी आत आईबरोबर भाकरी करत होते. बाहेरून बाबांचा आवाज येत होता, हळू, थांबत थांबत, क्लासमधल्यासारखा मुळीच नाही. 

"काय एवढं बोलायलेत हे?" आईनं विचारलं.

"अभ्यासाचं," मी म्हटलं.

जेवायला बसले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. आईनं माझ्याकडं बघितलं, पण विचारलं नाही. बाबांनी स्वतः उठून त्याला वाढलं. तो नको नको म्हणत होता, आणि बाबा त्याच्या ताटात वरण ओतत राहिले.