दिवेलागणीच्या आत

वहिनी गेल्याची तार पुण्याला हातात पडली, तेव्हा पहिला विचार मनात आला तो दिव्याचा. आज घरात दिवा कोण लावणार? माणूस गेलं आणि याला दिव्याची पडली... लाज वाटते, पण खरं ते खरं.

पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या पायथ्याशी, शेतातच आमचं दगडी घर आहे. खापरपणजोबा घाट उतरून आले तेव्हा इथे नुसतं रान होतं. ओढ्यातला काळा दगड वाहून त्यांनी भिंती उभ्या केल्या. खोऱ्यात बाकी सगळी कुडाची घरं. देव्हाऱ्यातला दिवा रोज तिन्हीसांजेला घरच्याच माणसाने लावायचा, चुकला तर घराला भोवेल, असं ते सांगून गेले. आई गेली, पाठोपाठ दादा गेला, आणि ऐन तिशीत हे वहिनींच्या गळ्यात पडलं. मी नोकरीच्या निमित्ताने सुटलो. त्यांचं जग मात्र दिवेलागणीच्या आत परतता येईल एवढंच उरलं. महाडच्या बाजारात उभ्या असल्या तरी निम्मं लक्ष परतीच्या एसटीकडे. महाबळेश्वर डोक्यावर, पण वर कधी गेल्या नाहीत. हसून म्हणायच्या, "आमची गाय बी सांजची घरला येते, भावजी. तिच्यात नि माझ्यात फरक काय?"

एकदा दिवाळीत मी घरी असताना वहिनींच्या माहेरून, तुडीलहून निरोप आला, त्यांची आई आजारी होती. "जा तुम्ही, रात्र राहून या. दिवा मी लावतो," मी ऐटीत म्हणालो. वहिनी दिव्यात तेल-वात घालून गेल्या. आणि मी? पोलादपूरला मित्रांबरोबर पत्ते कुटत बसलो, तिथेच झोपलो. सकाळी आलो तर भिंती जागच्या जागी. दुपारी परतल्यावर त्यांनी विचारलं, "दिवा लावलात ना?" "लावला की!" वेळ मारून नेली.

त्यानंतर वहिनी कुठेच मुक्कामाला राहिल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांच्या आईचं शेवटचं आलं. दुपारपर्यंत उशाशी बसल्या, मग उठून एसटी पकडली. आई संध्याकाळी गेली. मी पुण्यात ऐकलं आणि काय हा हट्ट म्हणून वैतागलो!

यंदा मे महिन्यात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. तिन्हीसांजेला तेवढ्या भिंत धरत देव्हाऱ्यापर्यंत जायच्या. पुण्याच्या दवाखान्यात चला म्हणून मी मागे लागलो.

"नाय हो... एक सांगू? त्या रातीला दिवा लागला नव्हता. मी घातलेली वात तशीच पांढरी होती."

मी खाली मान घातली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय? तुम्ही घरचं माणूस. तुमच्यावर टाकता येत नाय, तर टाकू कुणावर?"

त्या एका रात्री घराचं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते वहिनींचं, आणि ते मी केलं.

कार्य आटोपून महिना होत आला. रजा संपली, पुण्याहून दोन पत्रं आली. दिवा नाही लावला तरी काही होत नाही, हे या घराण्यात मला एकट्याला अनुभवाने ठाऊक आहे. तरी ऊन कललं की जीव टांगणीला लागतो. वहिनींनी वळून ठेवलेल्या वाती परवा संपल्या. काल तिकीट काढायचंच म्हणून पोलादपूरच्या स्टँडवर गेलो... आणि कापूस घेऊन परत आलो.