न तापवलेली माती

सुलोचनाअक्कांची आणि माझी ओळखच मुळी ओरड्याने झाली. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी नवीच लागले होते. मायक्रोवेव्हमधून काढलेली गरम बशी तशीच तराजूवर ठेवायला निघाले, तोच त्या कडाडल्या, "स्वल्प थांब गं! गरम वस्तूचं वजन खोटं येतं." आम्ही दोघी चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरांतल्या, त्यामुळे ओरडा मराठीत मिळाला आणि नंतरची कॉफी कन्नडात.

तो मायक्रोवेव्ह अक्कांनीच हट्टाने आणवला होता. ओव्हनमध्ये अर्धा दिवस घेणारे नमुने त्यात चहा उकळेस्तोवर वाळत. त्यात काय कधीही ठेवायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

ट्यूबलाइटच्या एका कारखान्यामागच्या वस्तीतली माती आमच्याकडे आली. तिथल्या बायकांचे हात कापत; पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी सांडे. कारखान्याने दुसरीकडून आणलेला अहवाल मात्र माती स्वच्छ असल्याचं सांगत होता. अक्कांनी चौकशी केली. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत माती मायक्रोवेव्हमध्ये वाळवली होती! ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, आणि तो तापला की उडून जातो, मग सापडणार काय, कपाळ? अक्कांनी आमची माती सावलीत आपोआप वाळू दिली. आमच्या प्रयोगशाळेचे मालक घाई करू लागले, तेव्हा म्हणाल्या, "सही माझी आहे, सर. वाळेल तेव्हा वाळेल." पारा निघाला, भरपूर निघाला. थोड्याच दिवसांत अक्कांची नोकरी गेली. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

त्या अहवालावर वस्तीने कारखान्यावर खटला भरला. वस्तीतल्या आजारी रत्नम्माला अक्का स्वतः ऑटोत घालून दवाखान्यात नेत, भात कालवून भरवत. "मी मेल्यावर निकाल लागून काय करू, अक्का?" असं ती विचारायची. गेल्या वर्षी ती गेली.

खटला अजून चालूच आहे. आमच्या अहवालावर सही अक्कांची. त्यांच्या साक्षीशिवाय तो कोर्टात टिकणार नाही. कारखान्याचे वकील दर वेळी पुढची तारीख मागून घेतात आणि निघताना अगदी अदबीने मला विचारतात, "मॅडमची तब्येत कशी आहे?" मेल्या, तुला कशाला नसती पंचाईत!

अक्का, आज तुमची पंचाहत्तरी. शतायुषी व्हा, असं म्हणायची रीत आहे. पण तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, जिना चढवत नाही, हे मी रोज बघते. गोळ्या चुकवू नका. शंभरीचं नंतर बघू. साक्ष होईपर्यंत तेवढं जगा. ते लोक तुमच्या जाण्याचीच वाट बघताहेत.