विमानाचं औक्षण

“नाही उडलं, तर माझा पंखा मी काढून घरी नेणार. हॉलमध्ये लावतो, गार हवा तरी लागेल,” दोरीपलीकडे कोणीतरी म्हणालं. चार-पाच जण हसले.

मी विमानाच्या डाव्या विंगखाली वाकून चाकाला लावलेले ठोकळे, म्हणजे चॉक्स, बघत होते. बोलणारे नंदूशेठ होते, लासलगावचे कांद्याचे व्यापारी. पंखा म्हणजे विमानाचा प्रोपेलर. तो त्यांनी लिलावात घेतला होता.

मी तेव्हा हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते. टेक्निकल ब्रँच, शॉर्ट सर्व्हिस. आता मी युनिफॉर्ममध्ये नाही. माझं शेवटचं पोस्टिंग घरच्याच जिल्ह्यात आलं, सिन्नरच्या पुढे एका फ्लाइंग क्लबच्या छोट्या धावपट्टीवर. तिथल्या हँगरमध्ये एक जुनं पिवळं ट्रेनर विमान होतं. दोन सीट, एकामागे एक. पुढे गोल पिस्टन इंजिन. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वैमानिक त्यावर उडायला शिकत. नंतर बरीच वर्षं ते एका शाळेच्या मैदानात चौथऱ्यावर उभं होतं. मुलं त्याच्या सावलीत डबे खायची.

ते परत उडवायचं ठरलं. परवानगी आली, टेक्निशियन आले, मी आले. पैसे आले नाहीत. जुन्या विमानाच्या सुट्या भागांसाठी बजेटमध्ये जागा नव्हती.

ते काम विंग कमांडर कारखानीस सरांनी अंगावर घेतलं. सर निवृत्त होते आणि हे विमान उडवणार होते तेच. त्यांच्याबरोबर मी एकदा लासलगावच्या मार्केट यार्डात गेले होते. सर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहिले आणि वारसा, शौर्य, पुढची पिढी यावर बोलले. भाषण चांगलं होतं. व्यापारी फोनवर भाव विचारत होते. शेवटी नंदूशेठ ट्रॉलीवर चढले.

“साहेब, भाषणावर इथं काही विकत नाही. तुम्ही उतरा. मी लिलाव करतो.”

आणि त्यांनी विमानाचा लिलाव केला, एकेका भागाचा. “प्रोपेलर! बोला! अरे, काय कांद्याची गोणी आहे का ही? बोला!” एक वार, दोन वार, तीन वार. शेवटी प्रोपेलर त्यांनीच घेतला. चाकं सिन्नरच्या वर्कशॉपवाल्यांनी घेतली. वैमानिकाच्या डोक्यावरची काच, म्हणजे कॅनॉपी, नामपूरच्या लोकांनी घेतली. भाग विमानावरच राहायचा, पण तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत असायचं. मी इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली, घरी मोजकं बोलणारी मुलगी. पैसे असेही उभे राहतात, हे मला तिथे कळलं.

अट एकच होती आणि ती त्यांच्या धंद्याची होती. अर्धे आता, अर्धे माल पाहिल्यावर. माल पाहिला याचा अर्थ विमान उडताना डोळ्यांनी पाहिलं. त्या दुसऱ्या अर्ध्यावर इंजिनाच्या ओव्हरहॉलचं बिल आणि विमा अडून होता. आधीच्या दोन तारखा वाऱ्यामुळे रद्द झाल्या होत्या. तिसऱ्यांदा लोक गाड्या भरून येणार नव्हते. विमा संपला की विमान परत चौथऱ्यावर जाणार होतं.

मला ते दिवस आठवतात ते सकाळच्या फॉड वॉकमुळे. आम्ही सगळे एका ओळीत टार्मॅकवरून सावकाश चालायचो आणि खाली पडलेलं काहीही उचलायचो. खडा, खिळा, तारेचा तुकडा. इंजिनाने ओढून घेतलं तर काय होईल, एवढाच विचार. ऑफिसर असो की हेल्पर, ओळ एकच. सार्जंट यादव माझ्या उजवीकडे असायचे आणि जुनी हिंदी गाणी पुटपुटायचे. हँगरमध्ये पेट्रोल, ग्रीस आणि यादवांच्या आल्याच्या चहाचा वास असायचा. संध्याकाळी टूल बोर्ड बघायचा. बोर्डावर प्रत्येक पान्ह्याची आकृती रंगवलेली होती. एखादी आकृती रिकामी दिसली, की पान्हा सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर आली पाहिजे. नियम साधा होता. मला बोलायला लागत नव्हतं, फक्त बघायला लागत होतं. मी तिथे सुखात होते.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. वारा कमी होता. दुपारी तीनला टेकऑफ ठरलं होतं. लासलगाव, सिन्नर, नामपूरहून लोक आले होते. नंदूशेठनी लाउडस्पीकर आणला होता. सरांच्या रेडिओवरचं बोलणं लोकांना ऐकू यावं म्हणून तो रेडिओला जोडला. मला ते आवडलं नव्हतं. पण माल त्यांचा होता.

नामपूरहून सुंदरआक्का आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर हिरवं नऊवारी, पाठ ताठ. त्यांचे धाकटे भाऊ, फ्लाइंग ऑफिसर वसंत खैरनार, याच प्रकारच्या विमानावर इन्स्ट्रक्टर होते. एकदा टेकऑफनंतर त्यांच्या विमानाचं इंजिन बंद पडलं. विमान पडलं, त्यात ते गेले. कॅनॉपीसाठी नामपूरकरांनी पैसे दिले ते त्यांच्यासाठी.

“मन्हा भाऊनं इमान शे,” आक्का विमानाकडे बोट करून मला अहिराणीत म्हणाल्या. “ओवाळू दे.”

मी सरांना विचारलं. सर कॉकपिटमध्ये बसून पट्टे बांधत होते. “पाच मिनिटं. पण आग नको, मृणाल.”

विमानाजवळ पेट्रोल असतं म्हणून निरांजन पेटवता येणार नाही, असं मी आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “दिवा नको तं नको. नुसतं ताट फिरावसू.” यादवांनी त्यांना हात धरून इंजिनापाशी नेलं. इंजिनाच्या उघड्या जागांवरची लाल कव्हरं नुकतीच निघाली होती. आक्कांनी पिवळ्या पत्र्याला कुंकू लावलं. ताट फिरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर झाले. यादव सगळ्यांना मागे सारायला वळले.

तेव्हा मी पाहिलं. इंजिनाच्या डाव्या बाजूला हवा आत घेणारं एक तोंड असतं. ते आक्कांच्या खांद्याच्या उंचीवर होतं. ओवाळून झालं की भावाला गोड भरवायचं असतं. आक्कांनी ताटातून काहीतरी उचललं आणि त्या तोंडात हात मनगटापर्यंत घातला. हात रिकामा बाहेर आला.

त्यांच्याबरोबर आलेल्या नातवाने त्यांना दोरीपलीकडे नेलं. मी तिथे गेले. टॉर्च आत मारला. नळी पुढे वळते, वळणाच्या आत दिसत नाही. कडेवर दोन अक्षता होत्या, कुंकवात भिजलेल्या. बोट फिरवलं. चिकट लागलं. वास घेतला. गूळ.

लाउडस्पीकरवर सरांचा आवाज आला. “क्लिअर?”

यावर ग्राउंडवरच्या ऑफिसरने “ऑल क्लिअर” म्हणायचं असतं. मग वैमानिक स्टार्टर दाबतो. मी बोटावरचा गूळ बघत होते.

“बोला ना मॅडम!” मागून कोणीतरी ओरडलं. “लाजू नका!”

“क्लिअर?” सर परत म्हणाले.

मी हेडसेटचं बटण दाबलं. माझाच आवाज मला लाउडस्पीकरमधून ऐकू आला. “निगेटिव्ह, सर. स्विचेस ऑफ. एअरक्राफ्ट अनसर्व्हिसेबल.”

“रीझन?”

आक्का दोरीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. ताट मांडीवर होतं.

“समोर येऊन सांगते, सर.”

विंगवर चढून मी सरांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “किती वेळ?”

“इनटेक डक्ट उतरवायला लागेल.”

“सूर्यास्ताच्या आत नाही झालं, तर संपलं. कळतंय ना?”

“येस, सर.”

“उतरव.”

आम्ही कामाला लागलो. मागे आवाज वाढत होते. “सेकंडहँड ते सेकंडहँडच.” “एवढ्यात दोन ट्रॅक्टर आले असते.” “चला रे, रस्त्यात ट्रॅफिक लागेल.” एक-दोन गाड्या सुरू झाल्याचं ऐकू आलं. यादवांनी पान्हा फिरवता फिरवता विचारलं, “मॅडम, माताजी को बताना है?”

“नहीं.”

“ठीक है. मैं भी कुछ नहीं जानता.”

डक्ट, म्हणजे ती हवेची नळी, निघाली. वळणावर गुळाचा खडा चिकटला होता, बोराएवढा, वर अक्षता. यादवांनी तो रुमालावर ठेवला आणि हसले. “मिल गया. बंद करें?”

मी रुमालाकडे बघत राहिले. एक खडा बाहेर आला होता. आत किती गेले होते, ते मला माहीत नव्हतं. मला फक्त हात दिसला होता. पुढे कार्ब्युरेटर होता आणि तिथे टॉर्च पोचत नव्हता. तो उघडायचा तर सूर्यास्त गाठणं कठीण होतं. उघडायचा की नाही, हे सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि नेमकं तिलाच मला काही कळू द्यायचं नव्हतं.

मी हात पुसले आणि दोरीपाशी गेले. आक्कांच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसले.

“काय व्हयनं, पोरी?”

“आक्का, तुम्ही गूळ भरवला ना, तो किती होता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग विमानाकडे. उघडं इंजिन दिसत होतं. चेहरा बदलला नाही.

“मन्हामुळे थांबनं का?”

“थोडा वेळ. मला नक्की आकडा हवाय, आक्का.”

“दोन खडे,” त्या म्हणाल्या. “एक वसंतले. एक त्याना संगे व्हता त्या पोऱ्याले. तो बी कोन्हा तरी भाऊच ना?” मग थोडं थांबून, “त्यानं नाव माले कोन्ही सांगं नही.”

ते नाव मला माहीत होतं. या कामावर आल्यावर मी आधी या प्रकारच्या विमानांचे जुने अपघात वाचले होते. टेक्निकल ऑफिसरला ते वाचावेच लागतात. सरांच्या भाषणात, लिलावात, बॅनरवर, सगळीकडे वसंत खैरनार होते, कारण ते इथले होते. मागे-पुढे दोन सीट असताना दुसऱ्या सीटवर कोण होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. नाव माझ्या ओठांवर आलं. पण इंजिन उघडं होतं आणि सूर्य खाली चालला होता. मी उठले.

“दोन,” मी यादवांना म्हटलं.

त्यांनी हसणं थांबवलं. आम्ही कार्ब्युरेटर उघडला.

नंदूशेठ दोरी ओलांडून आले. मला वाटलं, आता भांडतील. ते रुमालावरच्या खड्याकडे बघत उभे राहिले, मग वळून आक्कांकडे, मग परत माझ्याकडे. दोरीपाशी जाऊन ओरडले, “कोणी जायचं नाही! ते माल तपासून घेतायत. तुम्ही ओला कांदा बघता आणि गाडी पास करता का? बसा खाली! चहा सांगितलाय मी.”

दुसरा खडा जाळीला टेकून बसला होता, अर्धा विरघळलेला. इंजिन सुरू झालं असतं, तर आधी नीट चाललं असतं. जमिनीवरून उठलं असतं. त्यापुढचा विचार मी तेव्हा केला नाही, नंतर बऱ्याचदा केला.

जाळी धुतली, सगळं बंद केलं, यादवांनी टूल मोजले. मी सही केली. उन्हं कलली होती.

“क्लिअर?”

“ऑल क्लिअर, सर.”

इंजिनाने दोनदा धूर टाकला आणि ते सुरू झालं. तो आवाज मी हँगरमध्ये टेस्ट रनला ऐकला होता. उघड्यावर, लोकांबरोबर ऐकला तो वेगळा होता. विमान धावपट्टीवर गेलं, शेपटी उचलली, चाकं सुटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते माना वर करून उभे होते. सरांनी डोंगराच्या बाजूने एक मोठं वळण घेतलं आणि धावपट्टीवरून अगदी कमी उंचीने गेले. पिवळा रंग उन्हात दिसला. आक्का उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात जोडलेले.

सर उतरले, इंजिन बंद झालं. मग मात्र आरडाओरडा, शिट्ट्या. नंदूशेठ माइक घेऊन माझ्याकडे आले.

“मॅडम, उडलं. मी बघितलं. उरलेले उद्या पोचतील. पण लोक विचारताहेत, दुपारी काय खराबी होती? व्यवहार आहे. काहीतरी सांगावं लागेल.” मग आवाज खाली करून, “मी सांगू का? वायर ढिली होती म्हणतो.”

मी नकारार्थी मान हलवली आणि माइक मागितला. आयुष्यात मी कधी माइक हातात धरला नव्हता. शाळेत माझी प्रार्थनेची पाळी असली की मी आजारी पडायचे. समोर तीन गावांचे लोक होते. पहिल्या रांगेत आक्का होत्या आणि त्या माझ्याकडे नाही, खाली मांडीवरच्या ताटाकडे बघत होत्या.

मी माइक तोंडाजवळ नेला.

“खराबी काही नव्हती. विमानात दोघे होते, त्या दोघांसाठी थांबलो. फ्लाइंग ऑफिसर वसंत खैरनार, नामपूर. फ्लाइट कॅडेट हरीश नायर, पालघाट.”