मास्तरच्या घड्याळातले माझे ठोके

मास्तरच्या बायकोचा, सुमनबाईंचा फोन आला तेव्हा मी सकाळचं पळणं संपवून, अंघोळ उरकून चहाचं आधण ठेवत होतो. "पोस्टमनभाऊ, लवकर या. मास्तर बोलून नाई राह्यले." तासाभरापूर्वीच तर मी त्याला त्याच्या फाटकाशी सोडून आलो होतो... जाऊन पाहतो तर मास्तर ओसरीवरच्या खुर्चीत, मान एका बाजूला झुकलेली, मनगटावरचं घड्याळ मात्र चालू. त्या घड्याळाला छातीचे ठोके पोचवणारा पट्टा त्या वेळी माझ्या घरी दोरीवर वाळत होता. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता दोघांतला मी एकटाच उरलो.

ऋषी मास्तर म्हणजे आमच्या मूल गावच्या शाळेतला खेळाचा शिक्षक. निवृत्तीनंतरही पोलीस आणि वनरक्षकाच्या भरतीसाठी पोरापोरींना धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर पळवायचा. बाकीचे शिकवणारे शिट्टी फुंकून 'जोरात, जोरात' ओरडत. हा मध्येच सगळ्यांना थांबवून मानेवर दोन बोटं ठेवायला लावी. दहा सेकंद ठोके मोजा, सहानं गुणा. आकडा जास्त आला की त्या पोराला चालायची शिक्षा. "दम लागला म्हंजे सराव झाला, असं कोन सांगतलं बे तुले? दिल सुस्त ठेवून पळता आलं, तोच खरा गडी." मी तीस वर्षं सावली गावाकडच्या जंगलातल्या खेड्यांत सायकलवर डाक वाटली. बायको गेली, पाठोपाठ नोकरी संपली, मी घरात कोंडून बसलो. एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. "घरी बसून भिंतीसंग बोलशीन, त्यापेक्षा मायासंग बोल." त्याचा नियमच होता की पळताना एक आख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे, बोलता आलं नाही तर वेग चुकला. म्हणून आम्ही रोज बोलत पळायचो. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरच्या छातीत दुखलं, नागपूरला नेऊन हृदयाच्या शिरेत नळी टाकावी लागली. डॉक्टरांनी हळूहळू पळायची परवानगी दिली, पण ठोके एकशे वीसच्या वर जाता कामा नयेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीनं, वैशूनं, घड्याळ आणि छातीला बांधायचा पट्टा पाठवला. पळून आलं की सगळे आकडे तिच्या फोनवर दिसायचे. मास्तरनं चार दिवस इमानदारीत पट्टा बांधला. चौथ्या दिवशी घड्याळ ओरडलं, संध्याकाळी वैशू फोनवर रडली. पाचव्या दिवशी त्यानं पट्टा माझ्या हातात दिला. "तू बांध. तुयं दिल बैलासारखं चालते, पोरगी झोपन तरी सुखानं."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण तो घरी बसला असता तर मीही बसलो असतो. खरं कारण एवढंच, आणि ते माझ्या स्वार्थाचं आहे.

माझ्यापासून तो दोन-चार हात लांब गेला की घड्याळावरचा आकडा गायब व्हायचा, म्हणून आम्ही अगदी खांद्याला खांदा लावून पळायचो. एकदा नहराजवळच्या ओल्या मातीत वाघाचे ताजे पाय उमटलेले दिसले. मास्तर शांत, आणि माझे ठोके एकशे बेचाळीस! संध्याकाळी वैशूचा फोन, "बाबा, आज इतके काऊन वाढले?" बाबा म्हणाले, चढ होता. मूलच्या सपाट धानपट्ट्यात चढ! मी बाजूला बसून तोंडात रुमाल कोंबून हसलो. कशाला हसलो, असं आता वाटतं. शेवटच्या महिन्यात त्याची वाक्यं अर्ध्यावर तुटायला लागली होती. नियम त्याचाच होता आणि तो मला पाठ होता, तरी मी एकदाच म्हटलं, "मास्तर, जरा चालू ना." "तू पळ," म्हणाला. मी पळालो.

तेरवीनंतर वैशू माझ्याकडे येऊन बसली. फोन पुढे करून म्हणाली, "काका, हे पहा. दोन वर्षं रोज किती शांत होतं बाबांचं दिल. शेवटच्या दिवशीसुद्धा एकशे आठ. पळण्यानं गेले नाहीत ते, हे मले समजते. तेवढाच आधार आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी मूठ झाकली. ती पुण्याला गेली आणि मी एकटा पळायला लागलो. एकट्यानं पळताना वेग बरोबर आहे की नाही हे कळत नाही. आख्खं वाक्य बोलायचं तर ते कुणाशी? घरीही बोलणं नाही, रस्त्यावरही नाही. पण खरी टोचणी दुसरीच होती. ती पोरगी रोज पुण्यात बसून माझे ठोके बापाचे म्हणून पाहत असणार.

मागच्या रविवारी मी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मग बाबांचे कोनते आहेत, काका?"

"पहिले चार दिवस," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही. ते चार दिवस शोधले आणि मिनिटामिनिटाचे आकडे हळूहळू वाचायला लागली... ब्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे चार. मी कानाला फोन लावून खाटेवर बसलो होतो. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून पळालो, पण मास्तरचं काळीज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चौथ्या दिवसाच्या एकशे सव्वीसवर ती थांबली. त्याच्या पुढचा आकडा माझा होता.