दोनशे सतरा दिवसांची हजेरी

मुलगी नववीत असताना गाइडच्या दहा दिवसांच्या शिबिराला निघाली आणि निघताना तिनं स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला. शिबिरात मुलींना फोन न्यायची मनाई होती. मला वाटलं, सांभाळायला दिलाय. तिनं मला कामाला लावलं होतं.

"बाबा, रोज ही हजेरी दाबायची, मग हे चक्र फिरवायचं. बाकी कुठं हात नका लावू जी."

तिच्या गेममध्ये रोज हजेरी लावावी लागे. एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर. तिचे सलग दोनशे अकरा दिवस झाले होते. त्याच काळात, सुट्ट्या वजा केल्या तरी, शाळेत तिचे नऊ खाडे निघत होते. गेमला एकही नाही. चुलतबहिणीच्या लग्नात नवरीला हळद लागत असताना ही नव्या कपड्यांत पाण्याच्या टाकीवर चढली होती, कारण त्या गावात रेंज तिथंच मिळते.

हजेरी चार सेकंदांची. पण ती लावली की पुढे सरासरी दोन तास दहा मिनिटं फोन खाली ठेवला जात नसे. हे मी आठ दिवस घड्याळ लावून पाहिलं होतं. सहामाहीत गणिताचे एकाहत्तरचे अठ्ठेचाळीस झाले, तेही मी पाहिलं होतं. तरीही दारात ऑटो उभा होता आणि मी हो म्हणून बसलो.

रोज संध्याकाळी आठला मी हजेरी लावली. चक्राला बारा घरं. एका घरात सोनेरी पंख, तिला तेच हवे होते. पहिले सहाही दिवस चक्र दोन नाण्यांवर थांबलं. मग ती शिबिरातल्या मॅडमच्या फोनवरून विचारायची,

"पंख आले का?"

"दोन नाणी."

"पंखाच्या बाजूलेच थांबलं का?"

"हो, बाजूलाच."

"मग आता येतेच पाहा!"

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, तिथं जुगाराच्या फासेवाल्यासमोर बसलेले लोक हेच म्हणतात. फरक इतकाच, की त्यांना मिशा असतात.

"अवो, एक दिवस विसरा ना," बायको म्हणाली. "सुटेल तरी पोरगी."

मोह झाला. पण सिलिंडर कोणत्या तारखेला लागलं हेसुद्धा मी विसरत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. खोटं बोललो असतो तर पोरगीनं पहिल्याच वाक्याला पकडलं असतं, आणि मग तिनं तरी मला खरं कशाला सांगावं? सातव्या दिवशी मी आठला हजेरी लावली नाही. तिचा फोन आला तेव्हा सांगितलं, अजून लावली नाही. गेमचा दिवस पहाटे साडेपाचला बदलतो, वेळ आहे.

पहाटे पाचला उठून तिचा फोन समोर घेऊन बसलो. पाच वीसला माझा फोन वाजला.

"बाबा, दाबलं का?"

"नाही."

"काहून?"

"विसरून पाहत होतो. जमून नाही राहिलं."

ती हसली. "तुमच्यानं नाही होत ते. दिवाळीचे फटाके किती उरले, तेबी सांगाल तुमी."

"चौदा लवंग्या." मग म्हणालो, "हे पाहा, मी तुला शब्द दिलाय. तू म्हणशील तर आत्ता दाबतो. पण मला दाबावंसं वाटत नाही. एकदा बसलीस की तू उठतच नाहीस त्यातून."

पलीकडे बादल्या वाजत होत्या, मुली एकमेकींना हाका मारत होत्या.

"सात मिनिटं आहेत," मी म्हणालो.

"सांगू नका ना जी मिनिटं!" मग म्हणाली, "इथं दिवसा आठवणच नाही येत मले त्याची. संध्याकाळीच येते."

"मग?"

"मग काय. राहू द्या."

पण फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. साडेपाच झाले.

"काय दिसून राहिलं?"

"शून्य."

"नक्की?"

"नक्की."

तिनं नाक ओढलं. "दोनशे सतरा होते, बाबा."

"हो," मी म्हणालो. आकडा बरोबर होता.